एकशे सहा लाल प्लस

मोठ्या डॉक्टरांनी दारांचं काम स्टिकरवाल्याला दिलं, म्हणून पेंटरचं डोकं फिरलं आणि त्या सणकीत त्यानं दवाखान्याच्या टाकीवर चढून लाल प्लस पुसून टाकला, अशी कुजबुज आमच्याकडे बरेच दिवस चालली होती. कुजबुज कसली, न्हाव्याकडे दाढीबरोबर ती फुकट मिळायची. कोणी म्हणे, वर उभा राहून त्यानं डॉक्टरांना शिव्या हासडल्या. कोणी म्हणे, छे, शिव्या कुठल्या, नाचला तो. एका गृहस्थांनी तर त्याला वरून रंगाचा डबा भिरकावताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते गृहस्थ तो सबंध आठवडा लेकीकडे परगावी होते, पण डोळे घरीच ठेवून गेले असतील. खोटं कशाला बोलू, मीही ही बातमी दोन-तीन घरी पोचवली. बातमी आणि चहा गरम असतानाच द्यावा.

आता मात्र सगळं पहिल्यापासून सांगतो. पेंटरचं दुकान पुढे आणि घर मागे; त्या दुकानापुढच्या बाकावर मी इतकी वर्षं बूड टेकलंय की त्या फळीला माझा आकार आलाय.

पेंटर म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची काडी. कानावर पेन्सिल, खिशात खडू, आणि नखं अशी की ती बघून आठवड्याभराचा बाजार कळावा. नखं पिवळी दिसली की समजायचं, शाळेची बस रंगली. निळी दिसली की पाण्याचा टँकर. माणसांकडे तो फारसा बघत नसे, त्यांच्या पाट्यांकडे बघे. वाण्याला रस्त्यात गाठून "तुमचा र खाली बसलाय हो" असं सांगायचा, आणि तो बिचारा घाबरून आधी स्वतःच्या गुडघ्याकडे बघायचा. शाळा सातवीत सुटलेली. पण ऱ्हस्व-दीर्घात वकिलांना पाणी पाजायचा.

त्याचा खरा गर्व होता लाल रंगाचा. त्या लालमध्ये तो काय कालवायचा हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि ती माउली म्हणजे आमच्या वहिनी, ज्यांच्यापासून बँकेच्या कार्डाचा पिनही लपत नाही. "माझा लाल मरत नाही," असं तो छाती काढून म्हणायचा. खरंच मरत नसे. दुकानं बुडाली, मालक बदलले, शटरला गंज चढला, तरी त्यावरचं 'उघडे आहे' टवटवीत.

मग फ्लेक्स आले. त्यामागून मशीनवर अक्षरं कापून चिकटवणारा स्टिकरवाला आला, कानामागून आला आणि तिखट झाला. पेंटरच्या वाट्याला उरलं 'येथे वाहने लावू नयेत' आणि एखादी नंबरप्लेट. अशा उपासाच्या दिवसांत मोठ्या डॉक्टरांनी दवाखान्याची नवी इमारत बांधली. तिला एकशे बारा दारं. डॉक्टर जुन्या वळणाचे. म्हणाले, दारांवर हातानं रंगवलेलीच अक्षरं हवीत. तपासणी कक्ष, क्ष-किरण, औषधसाठा, शांतता राखा. पेंटरला शब्द दिला. त्या दिवसापासून हा माणूस पुठ्ठ्यावर नुसता 'क्ष' काढत बसला. चहा पिताना क्ष, बोलताना क्ष. वहिनी म्हणाल्या, "आमच्या लग्नातसुद्धा यांनी माझ्याकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं."

इमारतीचा गिलावा वाळायला अजून काही महिने होते, तेवढ्यात लॉ कॉलेजातून एका दारावरच्या मजकुराचं काम आलं. 'युद्धाचे कायदे व नागरिकांचे संरक्षण. प्रमाणपत्र वर्ग. शनिवार ३ ते ५. सर्वांसाठी खुला.' पेंटर शनिवारीच गेला. दार ओलं असल्यानं लावता येईना, आणि आत तर वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या बाई पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, आणि खडू असा धरणाऱ्या की पेंटरला त्या पहिल्या नजरेत पसंत पडल्या. (या वाक्याचा कोणी भलता अर्थ काढू नये. पुढे वहिनींनी काढलाच.)

बाई सांगत होत्या की मोडलेल्या विमानातून हवाई छत्री घेऊन उडी मारणाऱ्या वैमानिकावर हवेत असताना गोळी झाडता येत नाही.

दारातून आवाज आला, "म्हणजे खाली येईपर्यंत थांबायचं?"

"हो. खाली आल्यावर त्याला शरण यायची संधी द्यायची."

"आणि मारामारी चालू असताना हे सगळं लक्षात ठेवायचं?"

"म्हणूनच शांततेत शिकायचं. काका, तुमचं अजून किती राहिलंय?"

"बाई, तुम्ही अशाच बोलत राहिलात तर संध्याकाळ होईल."

"मग आत येऊन बसा ना. 'सर्वांसाठी खुला' तुम्हीच लिहिलंय की."

पेंटरनं पाटीकडे पाहिलं. अक्षर आपलंच होतं; आता नाकारणार कसं? ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. हजेरीत त्याचा नंबर एकतीस.

घरी त्यानं चकार शब्द काढला नाही. सातवी नापास माणूस कायदा शिकतोय म्हटल्यावर आम्ही त्याचं काय केलं असतं याचा त्याला अंदाज होता, आणि बरोबरच होता. पण ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपणार? दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, नखं घासून स्वच्छ. पेंटरची नखं स्वच्छ म्हणजे बँकेचं शटर रविवारी उघडं. वहिनींनी तिसऱ्या शनिवारी उंबऱ्यातच अडवला. मी समोरच होतो, योगायोगानं.

"कुठं होता?"

पेंटर ताठ उभा राहिला. "युद्धकैद्यानं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर एवढंच सांगायचं असतं. त्यापुढे तो बांधील नाही."

"अस्सं? हुद्दा काय आपला?"

"पेंटर."

"आणि नंबर?"

"एकतीस."

"एकतीस?" वहिनींचा आवाज रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचला. "आणि आधीच्या तीस कोण?"

त्यानंतर जे झालं त्यात कैद्याला मारहाण करू नये हे कलम पाळलं गेलं, पण उपाशी ठेवू नये हे नाही. शेवटी वह्या बाहेर निघाल्या. वहिनींनी त्या चाळल्या. प्रत्येक पानाचं शीर्षक छाया देऊन रंगवलेलं, खाली मोत्यासारखं अक्षर. बाईमाणसाचं नाव कुठंच नाही. त्या खट्टू झाल्यासारख्या दिसल्या. इतक्या मोठ्या भांडणाचं सामान जमवलं आणि सगळं वाया.

पण वहिनी वाया काही जाऊ देत नाहीत. आठवड्यात त्या घरात नवीनच कारभार सुरू झाला. ओट्यापासून तीन फुटांपर्यंत सुरक्षित क्षेत्र. तिथं कोणी कोणाला बोलायचं नाही. मांजर निःशस्त्र नागरिक. दूध सांडलं तरी त्याच्यावर हात उचलायचा नाही. सासू-सुनेचं वाजलं की दोघी पेंटरकडे निकालाला.

सून म्हणायची, "बाबा, मी चूक कबूल केली होती. शरण आलेल्यावर हल्ला करता येतो का?"

"ही शरण?" वहिनी उसळायच्या. "पांढरा टॉवेल दाखवला आणि मी पाठ फिरवल्याबरोबर माझ्या भाजीला नावं ठेवली! याला काय म्हणतात हो तुमच्यात?"

"विश्वासघात. शरणागतीचं सोंग करून वार करणं हा गुन्हा आहे."

"ऐकलंस? लिहून ठेवा हो ते, मोठ्या अक्षरात."

तर असे ते सोन्याचे दिवस. त्या घरासमोरचा माझा बाक मी कोणाला दहा मिनिटंही द्यायचो नाही.

मग आठव्या शनिवारी बाईंनी फळ्यावर लाल खडूनं एक अधिकचं चिन्ह काढलं. "हे कोणाचं?"

पेंटरनं वर्गात पहिल्यांदाच हात वर केला. "माझं."

सगळे हसले. बाईही हसल्या. "तुमचं कसं काका?"

"गावातले सगळे मीच काढलेत की. दवाखाने, मेडिकल, सगळे."

बाईंचं हसू ओसरलं. त्यांनी हळूच समजावलं: हे चिन्ह सैन्याच्या वैद्यकीय पथकांचं आणि रेडक्रॉस संस्थेचं. इतर कोणी, मग तो कितीही चांगला डॉक्टर असो, ते लावायचं नाही. शांततेच्या काळातही नाही. का? तर रणांगणात जखमींची गाडी जाते, तिच्यावर फक्त हे चिन्ह असतं. समोरच्यानं ते बघून बोट चापावरून काढायचं असतं. हे चिन्ह ज्याला त्याला वापरू दिलं, तर समोरचा म्हणणार, असले छप्पन पाहिलेत.

पेंटरनं हातातली पेन्सिल परत कानावर खोचली. मग म्हणाला, "पाटी खोटी निघाली की गिऱ्हाईक खऱ्या दुकानातही पाय ठेवत नाही."

"अगदी बरोबर."

"आणि गाडीत जो पडलेला असतो तो मरतो."

"हो काका."

घरी येऊन त्यानं जुन्या कामांच्या वह्या काढल्या आणि मोजदाद केली. एकशे सहा. तुम्हाला वाटेल दवाखाने आणि औषधांची दुकानं. तेवढ्यावर कोण थांबतं! गुरांचा दवाखाना होता. 'मोबाईलचा दवाखाना' होता. घड्याळवाला होता. न्हाव्याच्या दुकानावरसुद्धा एक होता, कारण न्हावी म्हणाला होता की माझ्याकडे येणाऱ्याला नंतर मलमपट्टी लागतेच. आणि सर्वांत मोठा, पंधरा फुटी, मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या टाकीवर. ऐन तिशीत दोरावर लोंबकळून काढलेला, अर्ध्या गावातून दिसणारा. लॉ कॉलेजच्या खिडकीतूनही दिसायचा. इतके शनिवार तो बाईंच्या खांद्यामागे दिसत होता आणि पेंटर त्याच्याकडे अभिमानानं बघत होता.

रविवारी सकाळी पेंटर सायकलला शिडी बांधून, पांढरा डबा अडकवून निघाला. पहिला मेडिकलवाला.

"काय करताय?"

"पुसतोय. तुम्ही जिनिव्हाचा करार मोडताय."

"मी? अहो मी कुणाशी करार केला नाही. या दुकानाचा भाडेकरारसुद्धा तोंडी आहे."

"हिरवा काढून देतो. हिरवा चालतो औषधवाल्याला."

"फुकट?"

"चूक माझी आहे."

फुकट म्हटल्यावर मेडिकलवाला जिनिव्हाचा कट्टर समर्थक झाला. बातमी फिरली. दोन रविवारांत पेंटरनं बेचाळीस प्लस गाडले. अंगात नुसतं वारं भरलं होतं. शिडीवर शीळ घालायचा, वाटेत कुणीही दिसला की त्याला वैमानिकाची गोष्ट सांगायचा. घड्याळवाल्यानं विचारलं, "उद्या युद्ध झालंच तर माझ्या दुकानाचं काय?" पेंटर म्हणाला, "तुम्ही नागरिक आहात, तुमच्यावर नेम धरता येत नाही. फक्त घड्याळं बरोबर चालवा, तुमच्यामुळे कोणाचा युद्धविराम चुकायला नको."

आणि बुधवारी गाव गुलाबी झालं.

आयुष्यभर त्यानं लाल लावला होता, स्वतःचा लाल काढायची पाळी कधीच आली नव्हती. उतावीळपणानं एकाच हातात पांढरं फासलं, आणि तो न मरणारा लाल पांढऱ्याखालून मान वर काढून बाहेर आला. बेचाळीस ठिकाणी बेचाळीस गुलाबी प्लस. लाल होते तेव्हा कोणी मान वळवून बघत नव्हतं. आता लोक थांबून बघायला लागले. कुणी म्हणालं नवीन साथ आलीय. कुणी म्हणालं, गुलाबी खूण म्हणजे तिथं उधार मिळतं. मेडिकलवाल्याकडे तीन जण उधार मागून गेले, तेव्हा तो शिडी हातात घेऊन पेंटरला शोधत फिरला.

शनिवारी वर्गात रणधुमाळी. काळा कोट घातलेला एक तरणा वकील म्हणाला, "करारात लाल लिहिलंय. गुलाबीवर बंदी नाही."

पेंटरच्या डोळ्यांत आशा चमकली.

बाई म्हणाल्या, "नक्कलही चालत नाही. आणि ही तर नक्कलसुद्धा नाही, मूळ प्रतच आहे, जरा लाजलेली."

वर्ग पाच मिनिटं हसत होता, आणि पेंटर सर्वांत जास्त. मग त्यानं चांदीरंग आणला. आधी चांदीरंगाचा एक हात, तो खडखडीत वाळला की वर पांढऱ्याचे दोन. चांदीरंगाखालून कोणाचा बाप वर येत नाही. बेचाळीस पुन्हा, आणि मग राहिलेले त्रेसष्ट. न्हाव्याचा सुद्धा. न्हावी म्हणाला, "आता लोकांना मलमपट्टीचं कसं कळणार?" पेंटर म्हणाला, "आरशात."

एकशे पाच झाले. उरला टाकीवरचा.

नेमका त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला. नव्या इमारतीचा गिलावा वाळलाय, उद्घाटनाची तारीख ठरलीय. आधी टाकीवरचा प्लस नव्यासारखा लालभडक करा, सोमवारपासून दारं धरा.

निरोप ऐकून वहिनींनी शेजारीपाजारी दारांचा आकडा पुन्हा एकदा सांगून घेतला. पेंटर मात्र पुठ्ठ्यावरच्या 'क्ष'कडे बघत बसला. मग शर्टाला इस्त्री करून डॉक्टरांच्या खोलीत गेला. तिथला संवाद मला कंपाउंडरनं सांगितला. तो दाराला कान लावून ऐकत नाही, दारच त्याच्या कानाला लागतं.

"पेंटर, वेडेपणा बास," डॉक्टर म्हणाले. "तीस वर्षं पेशंट त्या प्लसकडे बघत माझा दवाखाना शोधतायत."

"नाव मोठ्या अक्षरात लिहितो साहेब. तेवढंच लांबून दिसेल. निळ्यात."

"आणि उद्या लढाई झाली तर? हाच प्लस वाचवेल आम्हाला!"

"तेव्हा सरकार लेखी परवानगी देईल. मी म्हातारा झालो असलो तरी वर चढेन आणि लाल करून देईन. पण आज नाही."

"म्हणजे तोपर्यंत माझ्या दवाखान्यावर बॉम्ब टाकायला मोकळे?"

"नाही हो. दवाखान्याला राखायचं काम कायदा करतो. चिन्ह नुसतं दाखवतं. पाटी उतरवली म्हणून दुकान बंद होतं का? पण साहेब, असेच लाल प्लस गावात न्हाव्यापासून घड्याळवाल्यापर्यंत होते. वरून बघणाऱ्यानं भरवसा कशावर ठेवायचा?"

डॉक्टर न्हाव्याच्या नावाला फस्सकन हसले. मग हसू आवरून खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना त्यांच्या खोलीत कोणी शिकवलेलं चालत नाही. तो मान त्यांनी आजवर स्वतःच्या पत्नीलाही दिलेला नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "प्लस तुमच्या हातचा, तुम्हाला पुसायचा तर पुसा. मी अडवत नाही. पण मग माझ्या दारांना तुमचा ब्रश लागणार नाही. लाल केलात तर दारं तुमची. शनिवारपर्यंत काय ते करा."

पेंटर आधी बाईंकडे गेला. कॉलेजच्या जिन्यातच गाठलं.

"काका," बाई म्हणाल्या, "कायदा तुम्हाला टाकीवर चढायला सांगत नाही. हे बघायचं काम सरकारचं. तुम्ही नवा लाल लावायला नाही म्हणालात तरी पुष्कळ झालं. आणि दुसऱ्या कुणी लावला तर तो त्याचा दोष."

"पण बाई, तो आता वर आहे तो माझा आहे."

"हो, तो तुमचा आहे," बाई म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. शिकवणारी माणसं गप्प बसतात तेव्हा फार अडचण करून ठेवतात.

घरी वहिनींसमोर त्यानं सगळं मांडलं. मी बाकावर होतो, अर्थात. वहिनींनी आधी सासर, मग माहेर, मग लॉ कॉलेज अशा क्रमानं सगळ्यांचा उद्धार केला.

"एकशे बारा दारं! असं काम पुन्हा येणाराय का या जन्मात? तुम्हीच सांगता ना, हल्ला करण्याआधी फायदा किती आणि नुकसान किती ते तोलायचं? तोला की मग!"

"ते युद्धात."

"आणि हे काय चाललंय मग घरात?"

सून मधे पडली. "आई, बाबा ओट्यापासून तीन फुटांच्या आत उभे आहेत."

वहिनींनी खाली पाहिलं. खरंच होतं. गडी कधी सरकत सरकत सुरक्षित क्षेत्रात शिरला कोणाला कळलंच नव्हतं. वहिनींना इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला; रागही होता आणि हसूही, दोन्ही एकाच तोंडातून निघायला बघत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "चढाल तेव्हा चपला काढून चढा. मागच्या वेळी तीस वर्षांचे होता."

शनिवारी सकाळी आठ वाजता पेंटर टाकीवर. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक खांबाला पक्कं, आणि तरीही ते वहिनींच्या मुठीत. खाली निम्मं गाव. अशा वेळी काम कोणालाच नसतं. पेंटरनं चांदीरंगाचा हात मारला, आणि तेवढ्यात ऊन टाकीवर आलं.

आता चांदीरंग म्हणजे काय, तुम्ही जाणता. पंधरा फुटी प्लस उन्हात असा झगमगला की आजवर दिसला नव्हता इतका दिसला. पुसायला गेला आणि हिऱ्याचा करून बसला. खालून टाळ्या. "वा डॉक्टर! चांदीचा केला!" असं कोणीतरी ओरडलं. डॉक्टर बाहेर आले, वर पाहिलं, आणि लोक त्यांचंच अभिनंदन करायला लागले. त्यांनी दोन हात हलवून स्वीकारलंसुद्धा, मग भानावर आले.

"पेंटर! हे काय?"

"वाळतोय साहेब!" वरून आवाज. "दोन तास!"

"दोन तास तिथं काय करणार?"

"अभ्यास! सोमवारी पेपर आहे!"

आणि खरंच त्यानं बनियनमधून वही काढली. दोन तास हा माणूस टाकीच्या काठावर पाय सोडून, चमचमत्या प्लसशेजारी बसून मोठ्यानं पाठ करत होता. खाली उभे असलेले आम्ही सगळे त्या दिवशी फुकटात शिकलो की पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर हल्ला करता येत नाही. "म्हणजे तू जिथं बसलायस तीच सुरक्षित जागा आहे!" न्हावी ओरडला. "म्हणूनच बसलोय!" पेंटर ओरडला. "खाली बायको आहे!" वहिनींनी दोराला असा हिसका दिला की खालचं गाव दोन पावलं मागे सरलं आणि पेंटर तेवढ्यानं आणखी खिदळला. हसून हसून त्याच्या हातून वही निसटली; खाली पडेपर्यंत पानं फडफडत होती आणि लोक ती झेलायला धावत होते. कुजबुजीत वरून भिरकावलेला तो रंगाचा डबा म्हणजे ही वहीच असावी.

दहा वाजता पहिला पांढरा हात, बारा वाजता दुसरा. मग टाकी नुसती टाकी राहिली. पेंटर उतरला, डॉक्टरांच्या खोलीत गेला, चपला बाहेर काढल्या, आणि म्हणाला, "साहेब, पुसला. परत येणार नाही वर. चांदीरंग लावलाय."

"ठीक," डॉक्टर म्हणाले. एवढंच. दिलेला शब्द त्यांनीही पाळला.

सोमवारच्या पेपराचं काय झालं तेही सांगतो, नाहीतर वहिनी म्हणतील अर्धंच सांगितलं. पाच प्रश्न, तीन तास. पेंटरनं पहिल्या प्रश्नाचं शीर्षक पाटीसारखं दोरीनं रेघ आखून, छाया देऊन लिहिलं. मग उत्तर, टपोऱ्या अक्षरात, एक खाडाखोड नाही. दुसऱ्या प्रश्नाच्या अर्ध्यात घंटा झाली. बाईंनी तो पेपर पाहून कपाळाला हात लावला, आणि म्हणे लिहिलं तेवढ्याला पैकीच्या पैकी गुण दिले. तरी नापास. पेंटर तेव्हापासून हवेत आहे. नापास म्हणजे वर्ग पुन्हा पहिल्यापासून, सगळे शनिवार पुन्हा. वहिनींनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय, आणि यंदा वर्गात त्याही जाणार आहेत. नंबर बत्तीस मागून घेतलाय.

दारांवर आता स्टिकर आहेत. 'क्ष'ची उभी रेघ चिकटली नव्हती, ती मागाहून लावली.

राहता राहिली ती कुजबुज. पेंटरनं टाकीवरचा प्लस शनिवारी पुसला. दारांचं काम स्टिकरवाल्याला सोमवारी मिळालं. काम जाणार हे पेंटरला चढण्याआधीच माहीत होतं.